चौदा कुलुपं

अगं, तू आधी फक्त ऐक. मध्ये मध्ये "मग? मग?" करू नकोस, मी सांगतेच आहे. आपल्या आत्याचं गं. किल्लीवाल्या आत्याचं. बसथांब्यामागे तिचं ते एवढंसं दुकान, आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं. भिंतभर किल्ल्या लटकलेल्या आणि मधोमध आत्या, नाकावर जाड चष्मा, हातात किल्ल्या घासायची कानस. एकतीस वर्षं झाली. तिला उघडत नाही असं दार अजून बनायचंय, आणि हे ती स्वतःच सांगते, दुसऱ्या कुणाला सांगायची संधीच देत नाही.

तर झालं काय, मागच्या वर्षी तिला एका घराचं दार उघडायला बोलावलं. पोलीस होते, आणि बालकल्याण खात्याच्या एक बाई होत्या, खांद्याला पिशवी, पिशवीत फायलीच फायली. आत चार वर्षांचं पोर एकटं होतं. आई कुठे गेली कुणालाच ठाऊक नाही. आत्यानं चाळीस सेकंदांत दार उघडलं (ती मोजते), आणि दाराच्या अगदी आत ते पोर बसलेलं. बूट घालून. डाव्यात उजवा, उजव्यात डावा, पण घालून तयार! कुणीतरी येईल आणि नेईल म्हणून. आत्या हत्यारांची पिशवी बाजूला टाकून खाली बसली, त्याचे बूट काढून सुलटे घातले आणि वर बघून त्या फाइलवाल्या बाईंना म्हणाली, "आता ह्याला कुठे नेणार?"

"बघू," बाई म्हणाल्या, "फोन लावतेय. पोरं सांभाळणारी घरं सगळी भरलीत."

घरं भरलीत! आत्या घरी आली ती तेच घोकत. कारण आत्याच्या घरी एक अख्खी खोली रिकामी. मुलगा नोकरीसाठी दूर गेला, तेव्हापासून त्या खोलीत आतोबांची सायकल राहते. दुसरं कुणी नाही.

तिनं आतोबांना सांगितलं, की आपण फॉस्टर पालक होऊ या. दत्तक नाही हं, दत्तक म्हणजे कायमचं. हे म्हणजे ज्या लेकराला काही दिवस, काही महिने स्वतःच्या घरी राहता येत नाही, त्याला आपल्याकडे सांभाळायचं, आणि त्याचं घर सावरलं की हसत परत पाठवायचं. आतोबा बेकरीत पाव भाजतात, पहाटे जातात नि दुपारी येतात, बोलतात आठवड्यातून साधारण नऊ वाक्यं. ते म्हणाले, "सायकल कुठे ठेवू?"

झालं. म्हणजे हो.

पण हो म्हणणं सोपं गं! अर्ज एकोणीस पानांचा. त्यात एक प्रश्न, राग आल्यावर तुम्ही काय करता? आत्यानं लिहिलं, "कानस घेते." फाइलवाल्या बाई वाचता वाचता थबकल्या. कारण ह्या कामाला नेमक्या त्याच बाई आल्या होत्या. "कानस घेता म्हणजे... कुणाला?"

"कुणाला काय! किल्ली घासते हो! राग उतरेपर्यंत घासते. कधीकधी किल्लीच संपते."

मग पोलिसांचा दाखला. तिथला शिपाई अर्ज वाचून खुर्चीत मागे टेकला. "धंदा, कुलुपं उघडणे. एकतीस वर्षं. आणि एकही गुन्हा नाही?" त्यानं शेजारच्याला हाक मारून दाखवलं. "कमाल आहे बाई तुमची."

मग डॉक्टर. मग सहा शनिवार प्रशिक्षण, जिथे आतोबा पहाटेच्या पाळीमुळे बसल्या बसल्या पेंगायचे आणि आत्या कोपराने ढोसायची. मग ओळखीच्या माणसाची साक्ष. ती समोरच्या शिंप्यानं दिली. बाईंनी विचारलं, कशा आहेत? शिंपी म्हणाला, "तापट. एकदम तापट. पण माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा माझ्या दोन्ही पोरी आठ दिवस हिच्याकडे होत्या. परत यायला तयार नव्हत्या. ते तेवढं लिहू नका."

बाईंनी ते पहिलं लिहिलं.

इथपर्यंत सगळं मस्त चाललेलं. मग आली घराची तपासणी. त्याआधी एक यादी देतात. औषधं मुलाच्या हाती लागू नयेत, सुऱ्या हाती लागू नयेत, फिनेल-बिनेल हाती लागू नये. साधी यादी. तू मी काय करू? वरच्या फळीवर ठेवू. पण आत्या कोण? तिनं यादी वाचली, चष्मा पुसला, परत वाचली आणि म्हणाली, "हाती लागू नये म्हणजे काय? म्हणजे कुलूप!"

आणि सुटलीच बाई. औषधांच्या कपाटाला कुलूप, ठीक. हत्यारांच्या पेटीला कुलूप, ठीक. मग सुऱ्यांचा खण. मग सिंकखालचं कपाट. मग गॅलरी. मग चारही खिडक्या, प्रत्येकीला वेगळं, वेगळ्या किल्लीचं. मग कपड्यांची दोन कपाटं. मग वॉशिंग मशीनचं झाकण, का तर पोरं आत शिरून अडकतात असं तिनं कुठेतरी वाचलं होतं. मग फ्रिज! अति तिथे माती म्हणतात ना, तसं. आणि सगळ्यात शेवटी मुलाची खोली. त्या दाराला तिनं दुकानातलं सगळ्यात भारी कुलूप लावलं, पितळी, जड, चार वर्षं विकलं नव्हतं इतकं महाग. चोरानं जन्म घालवला तरी उघडणार नाही असं. नाकापेक्षा मोती जड, पण आत्याच्या मनात ते बक्षीस होतं गं. येणाऱ्या लेकराला आपल्याकडचं सगळ्यात चांगलं ते द्यायचं.

एकूण चौदा.

बाई आल्या. आत्यानं कमरेचा जुडगा खुळखुळवत घर फिरवून दाखवलं. एकेक उघडायचं, दाखवायचं, लावायचं. आत्याची छाती ही एवढी फुगलेली. आणि बाई गप्प होत चाललेल्या, खोलीगणिक जास्त गप्प.

"फ्रिजला?" बाई म्हणाल्या.

"ह्यांचं इन्सुलिन असतं त्यात."

"बरं. आणि मुलाला भूक लागली तर?"

"मला सांगेल की."

"सांगून ज्याला कधी काही मिळालेलं नाही, ते मूल सांगेल?"

तोवर बाई मुलाच्या खोलीच्या दाराशी पोचल्या होत्या. त्यांनी पितळी कुलपावरून बोट फिरवलं. मग दाराची आतली बाजू बघितली. आतून नुसतं लाकूड. किल्लीला भोकसुद्धा नाही.

"हे फक्त बाहेरून लागतं?"

"हो ना! आतून कुणी छेडछाड करूच शकत नाही."

"आणि किल्ली कुणाकडे?"

आत्यानं कंबर थोपटली. अभिमानानं! बाईंनी डोळे मिटले, उघडले, वही बंद केली. म्हणाल्या, "सहा आठवड्यांनी मंजुरी देणाऱ्या समितीपुढे जायचंय. माणसं म्हणून तुम्ही मला आवडलात, खरंच. पण आज जर मला लिहायला लावलंत, तर मी लिहीन की हे घर नाही, तुरुंग आहे." आणि पिशवी उचलून गेल्या.

आता ह्यातली मेख ऐक. समितीनं एकदा नाही म्हटलं की तीन वर्षं परत अर्ज करता येत नाही. आणि तीन वर्षांनी आत्याचं वय नियमाबाहेर. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

आत्या भडकली ना पण! करायला गेले एक नि झालं भलतंच, आणि वर मलाच तुरुंगवाली म्हणतात! चोर सोडून संन्याशाला फाशी! तिनं तीन किल्ल्या घासून संपवल्या. आतोबा दुपारी आले, जेवले, भांडी घासली, आणि मग तो आठवड्यातला एक प्रश्न विचारला. "तू कधी आत बसलीयेस का?"

"कशाच्या आत?"

आतोबांनी खोलीकडे मान हलवली.

"त्यात काय बसायचंय," आत्या म्हणाली, आणि रागारागानं आत जाऊन पलंगावर बसली. "लावा! लावा की, बघते मी!"

आतोबांनी दार ओढलं, किल्ली फिरवली. खट्ट. आणि तेवढ्यात शिंपी आला कशासाठी तरी, आणि आतोबा, म्हणजे बघ हं, जे आतोबा कुणाशी बोलत नाहीत ते नेमके त्या दिवशी शिंप्याशी बोलत बसले. किल्ली खिशात. वीस मिनिटं!

पहिली दोन मिनिटं आत्या ऐटीत. मग उठली, दाराशी गेली. कुलूप तिचंच, तिच्या हातानं बसवलेलं, त्याचा आतला कण न् कण तिला पाठ. पण ह्या बाजूनं दाराला काहीच नव्हतं. तिनं लाकडावरून हात फिरवला. हत्यारं बाहेर. खिडकीला कुलूप, किल्ली बाहेर. मग तिला पाणी हवंसं वाटायला लागलं, आणि पाणी नाही म्हटल्यावर फारच हवंसं वाटायला लागलं. एकतीस वर्षं, अगं, ती कायम दाराच्या बाहेरच्या बाजूला उभी राहिली होती. लोक तिला बोलवतात, ती येते, चाळीस सेकंद, उघडलं, चला. आतल्या माणसाचे चाळीस सेकंद किती लांब असतात हे तिला कोण सांगणार? तिनं हाका मारल्या. मग दारावर थापा. मग, हे तिनं मला नंतर सांगितलं आणि कुणाला सांगू नकोस म्हणाली, मग ती चक्क रडली.

आतोबांनी दार उघडलं तेव्हा ती त्यांना बाजूला सारून बाहेर आली. सरळ गेली, हत्यारांची पेटी आणली आणि पहिलं ते पितळी कुलूप उतरवलं. मग फ्रिजचं. मग खिडक्यांची. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बारा कुलुपं खाली. राहिली दोन, औषधांचं आणि हत्यारांचं. घराच्या दारांना सगळीकडे भोकंच भोकं, उंदरांनी पार्टी केल्यासारखी. आतोबांनी ती पुट्टी भरून बुजवली, वरून रंग. आणि खोलीच्या दाराला आत्यानं एक साधी कडी बसवली. आतून लागते. बाहेरून एक बारीक खाच, अगदीच प्राणावर बेतलं तर नाणं घालून फिरवायची. कडीचा मालक आतला माणूस.

मग समिती. लांबलचक टेबल, पलीकडे सात जण, अलीकडे हे दोघं. आतोबांनी लग्नातला कोट घातलेला, बटण लागत नव्हतं म्हणून हात पोटावर. फाइलवाल्या बाईंनी सगळं वाचून दाखवलं, कुलुपांसकट! काही लपवलं नाही. सात जणांच्या सात भुवया वर.

मधले अध्यक्ष, पांढऱ्या मिशांचे, म्हणाले, "समजा, मूल आत गेलं, कडी लावली आणि तासन् तास उघडेना. तुम्हाला तर कुठलंही दार उघडता येतं. काय कराल?"

आता प्रशिक्षणात ह्याचं उत्तर शिकवलेलं. आत्याला पाठ होतं. शांत राहीन, दाराबाहेरून बोलेन, वगैरे वगैरे. तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "माहीत नाही."

बाईंनी कपाळाला हात लावला.

"माहीत नाही हे उत्तर झालं का?" अध्यक्ष म्हणाले.

"खरं तेच सांगते. माझे हात शिवशिवतील. बंद दार दिसलं की उघडायचं, हा माझा धंदाच आहे. मी उघडणार नाही असं आज इथे छातीठोक म्हणाले, तर तुम्हाला बरं वाटेल, पण ते खोटं होईल. एवढंच सांगते, की आत बसल्यावर कसं वाटतं ते आता मला माहितीये. सहा आठवड्यांपूर्वी माहीत नव्हतं."

तेवढ्यात आतोबा बोलले. कुणी विचारलं नव्हतं! "आणि मी असेन ना तिथे," ते म्हणाले, "मी तिचे हात धरीन." असं म्हणून दाखवायला हात पोटावरून उचलले, नि कोट फटकन उघडला, आणि त्या सात जणांतल्या एक बाई फिसकन हसल्या, मग दुसरे, मग अध्यक्षांच्या मिशा हलायला लागल्या.

अर्धा तास बाहेर बाकावर बसवलं. मग बाई आल्या, चेहरा असा कोरा, आणि म्हणाल्या, "सातपैकी सात."

अगं, आत्या त्या ऑफिसच्या पायऱ्यांवर नाचली! एकावन्नाव्या वर्षी! पहारेकरी म्हणाला, "ताई, पडाल." तर त्याला म्हणे, "पडू दे!"

थांब, संपलं नाही. खरं तर आत्ता येतं.

तीन आठवड्यांनी पोरगी आली. अकरा वर्षांची. एक पिशवी, ती छातीशी धरलेली, केस डोळ्यांवर. बाई घेऊन आल्या सकाळी दहाला, आतोबांनी त्या दिवशी बेकरीतून सुट्टी घेतलेली. पोरगी कुणाकडे न बघता खोलीत गेली आणि खट. कडी.

अकरा वाजले. बारा. आत्या एकदा दारापर्यंत गेली, खिशात नाणं होतं, बोटं आपोआप त्याच्याशी खेळायला लागली. तिनं ते नाणं काढून आतोबांच्या हातात कोंबलं. "जा, ह्याची काहीतरी वस्तू आणा. काहीही! पण हे घरात नको." आतोबा चप्पल घालून गेले बिचारे.

मग तिनं काय केलं, तर खोलीच्या दारासमोर पाट टाकला, छोटा शेगडा मांडला, म्हणजे किल्ली घट्ट धरून ठेवायची ती लोखंडी पकड, आणि कानस घेऊन एक कोरी किल्ली घासायला बसली. किर्र किर्र, किर्र किर्र. बाई अजून थांबल्याच होत्या, म्हणाल्या, "राग आलाय का?" आत्या म्हणाली, "भीती वाटतेय. त्यालाही हेच करते."

अर्ध्या तासानं कडी निघाली. दाराच्या फटीत एक डोळा.

"काय करताय?"

"किल्ली."

"कशाची?"

"मोठ्या दाराची. घराच्या."

"कुणासाठी?"

"ह्या घरात राहणाऱ्या सगळ्यांकडे एकेक असते. माझ्याकडे आहे. ह्यांच्याकडे आहे. एक कमी पडत होती."

बाई हळूच म्हणाल्या, "अहो, पहिल्याच दिवशी?" आत्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. किल्ली फुंकली, पदराला पुसली, पुढे केली. पोरीनं ती घेतली, उलटीसुलटी करून बघितली. म्हणाली, "लागते का पण?"

"बघ की लावून."

पोरगी मोठ्या दाराशी गेली. दार उघडलं. बाहेर जिन्यात पाऊल टाकलं, दार ओढून घेतलं आणि बाहेरून किल्ली फिरवली. खट्ट.

आत कोण? आत्या आणि फाइलवाल्या बाई. बाहेर कोण? अकरा वर्षांची पोरगी, हातात किल्ली, समोर जिना, जिन्याखाली रस्ता!

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "उघडा! तुमच्याकडे किल्ली आहे ना, उघडा आधी! पळाली तर? अहो, पहिल्या दिवशी पोरगी पळाली तर तुमचं नाव कायमचं कटेल, आणि माझी नोकरी जाईल ती वेगळीच!"

आत्याची किल्ली तिच्या कमरेलाच होती. एक सेकंदाचं काम. हात तिकडे गेलासुद्धा. आणि आतोबा, जे हात धरणार होते, ते बाहेर नाणं खर्चायला गेलेले!

आत्यानं स्वतःच स्वतःचे हात धरले. एकात एक घट्ट. कान दाराला. बाहेर काहीच नाही. पावलंही नाहीत. बाई तिच्या दंडाला हलवतायत, आणि आत्या नुसती मान हलवतेय, नाही, नाही, नाही.

मग बाहेरून आवाज. "आहात का आत?"

"आहोत!" आत्या ओरडली.

"हललात?"

"नाही!"

मग पुन्हा सगळं शांत. तेवढ्यात, अगं, खालून आतोबा आले जिना चढत, हातात एकुलतं एक गाजर, नाण्यात तेवढंच आलं. पोरगी दारात, किल्ली हातात. आतोबांनी बघितलं, काय ते कळलं की नाही देव जाणे, आणि अगदी नेहमीसारखे म्हणाले, "मला आत घेतेस का?"

खट्ट. खट्ट. खट्ट. तिनं तीनदा उघडलं, तीनदा लावलं, आणि चौथ्यांदा दार सताड उघडून बाजूला उभी राहिली, मालकिणीसारखी. आतोबा गाजर घेऊन आत आले. मागून ती. डोळ्यांवरचे केस एका हातानं मागे सारले, आत्यासमोर किल्ली धरली आणि कपाळाला आठी घालून म्हणाली, "जरा अडकते. नीट करून द्या."

एकतीस वर्षांत आत्याच्या किल्लीला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती! आणि आत्या? आत्याला असं काही हसू फुटलं, की खाली पाटावर बसूनच गेली. कानस घेतली, दोन हात मारले. "आता?" पोरगी लावून आली. "अजून." परत दोन हात. "आता?" "अजून जरा." बाई भिंतीला टेकून हसत होत्या की रडत होत्या, त्यांनाही कळत नव्हतं. सात वेळा घासून घेतली पोरीनं! सातव्यांदा म्हणाली, "हां. आता ठीक." आणि ते गाजर उचलून, कुणाला न विचारता, कचाकचा खायला लागली.

आता तू सांग. खरं खरं सांग हं. किल्ली तुझ्या कमरेला, पोरगी दाराबाहेर, आणि बाहेर चिडीचूप. तू काय केलं असतंस?